सकाळची साखळी

मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊन शेजारच्या सीटवर बसते, आणि माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. शिकणारा माणूस घाबरला की काय करतो माहीत आहे? डोळे मिटतो. चांगली शिकलीसवरलेली माणसं समोरून ट्रक आला की डोळे गच्च मिटून घेतात, म्हणजे आपल्याला दिसला नाही की तो निघूनच जाणार! मग मी ब्रेक दाबते आणि ओरडते, "डोळे उघडा!" दिवसातून इतक्यांदा ओरडते की झोपेतही ओरडत असेन.

आणि अशा बाईचं लग्न कुठल्या घरात व्हावं, तर जिथे दिवसाची सुरुवातच डोळे मिटून होते.

आमच्याकडे चहाच्या आधी प्रार्थना. घरात ताप असो, पाहुणा असो, नळाचं पाणी जायची वेळ असो, सगळ्यांनी गोल बसायचं, शेजारच्याचा हात धरायचा आणि डोळे मिटायचे. एकजण मोठ्याने प्रार्थना करतो आणि संपली की शेजारच्याचा हात दाबतो. हात दाबला की त्याचा नंबर. याला घरात साखळी म्हणतात. शेवटचं आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. ज्याला बोलायचं नसेल त्याने नुसता पुढच्याचा हात दाबायचा, त्याला कोणी काही विचारत नाही. ही सवलत घरात फक्त मीच वापरत होते. लग्न होऊन आल्यापासून मी साखळीत एकदाही तोंड उघडलं नव्हतं. देवावर विश्वास नव्हता असं नाही. पण गाडीत बसून मनातल्या मनात मी देवाशी जे बोलते, ते चारचौघांत बोलण्यासारखं नसतं. नवरा प्रार्थनेत देवाची स्तुती करतो, माझं म्हणजे बहुतेक भांडणच असतं.

साखळीची पद्धत माझ्या सासऱ्यांची. बाबा आधी गवंडी होते, पुढे मिस्त्री झाले. बांधकामावर माणसं कामाला चढायच्या आधी ते सगळ्यांना गोल उभं करायचे, हात धरायला लावायचे आणि त्या दिवसापुरतं काहीतरी सांगायचे. लांबलचक उपदेश नाही, एक-दोन वाक्यं. त्यातलं एक आमच्या चर्चच्या मंडळीत अजून सांगतात : "ज्याला भीती वाटत नाही त्याला मी वर पाठवत नाही. भीती वाटते ना? मग ती देवाला सांग आणि चढ." त्यांच्या हाताखालची सगळी माणसं काही आमच्या मंडळीतली नव्हती, पण गोलात सगळीच उभी राहायची.

घरात मात्र बाबा कडक. मी नवीन असताना प्रार्थनेत एक डोळा जरा किलकिला केला की लगेच आवाज यायचा, "सूनबाई, डोळे." मी दुसऱ्या दिवशी दुसरा डोळा उघडून बघितला. "सूनबाई, डोळे." दर वेळी पकडायचे! मला वाटायचं, या माणसाला देव येऊन चुगल्या सांगतो.

मग बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा विसरले, मग रस्ता, मग माणसं. मला कधी बाई म्हणायचे, कधी सिस्टर. नवऱ्याला कोणी मालवाला समजून सिमेंट अजून का आलं नाही म्हणून झापायचे, आणि तो बिचारा "उद्या येईल" म्हणायचा. पण साखळीत त्यांचा हात दाबला की काय व्हायचं कोण जाणे, शब्द न शब्द परत यायचा. न अडखळता प्रार्थना करायचे, जुन्याच आवाजात. आमेन झालं की डोळे उघडून आमच्याकडे बघायचे, आणि आम्ही पुन्हा परके झालेले असायचो.

ते बाहेर निघून जातील म्हणून दाराला अगदी वर कडी बसवली होती. ती लावायची आठवण आम्ही एकमेकांना सारखी करून द्यायचो.

त्या दिवशी बाबा सकाळपासून अस्वस्थ होते. आमच्या मागच्या बाजूला एक नवी इमारत चढत होती, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचे उघडे मजले दिसायचे. बाबा खिडकीशी उभं राहून विचारत होते, "माणसं आली का?"

"कोणी येणार नाहीये, बाबा. बसा."

"माणसं आली का बघ ना."

"नाही म्हटलं ना एकदा!" मी खेकसले. मला पहिल्या शिकवणीला उशीर होत होता. नणंदबाई, म्हणजे आमच्या ताई, त्यांनी बाबांना हाताला धरून आणून बसवलं. तेवढ्यात नवरा खाली कचरा टाकून आला आणि उशीर झाला म्हणून तसाच गडबडीने गोलात बसला. नवरा, मग ताई, मग बाबा, मग मी, आणि माझा दुसरा हात पुन्हा नवऱ्याच्या हातात. सगळ्यांनी डोळे मिटले.

नवऱ्याची प्रार्थना म्हणजे मालगाडी. डबे संपतच नाहीत. घरच्यांपासून निघून आजारी लोक, प्रवासातले लोक, परीक्षेची मुलं, राज्यकर्ते असं करत ती जगभर जाऊन येते. कुठेतरी प्रवासातल्या लोकांपाशी बाबांचा हात माझ्या हातातून निसटला. मला वाटलं नाक पुसत असतील. दुसरा हात ताईंकडे आहेच की. डोळे उघडून बघायचं मनात आलं, पण इतक्या वर्षांची सवय, मी नाही उघडले.

मालगाडी थांबली. ताईंची प्रार्थना झाली. मग नुसतीच शांतता. मी वाट बघत होते की आता बाबांचा आवाज येईल.

"बाबा?" ताई म्हणाल्या.

आम्ही तिघांनी डोळे उघडले. आमच्या दोघींच्या मध्ये रिकामं आसन होतं आणि त्यापलीकडे दार सताड उघडं होतं.

"माझा हात त्यांनी सोडवला होता. तुझ्याकडे होता ना?" ताईंचा आवाज चिरकला.

"मला वाटलं तुमच्याकडे आहे!"

नवरा कडीकडे बघत उभा होता. "मीच लावली नाही," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक. मी त्याला एरवी सोडलं नसतं, पण तेव्हा मी मनात हिशोब करत होते. मालगाडी किती वेळ चालली होती? त्यात म्हातारा माणूस कुठवर गेला असेल? आमच्या घरापुढचा रस्ता ओलांडताना धडधाकट माणसाची तारांबळ उडते.

ताई घरी थांबल्या, न जाणो परत आले तर. नवरा बाजाराच्या दिशेने धावला. मी शिकवणीची गाडी काढली आणि मोठ्या चौकाकडे निघाले. गाडीवर 'शिकाऊ' अशी मोठी पाटी, त्यामुळे लोक लांबूनच बाजूला होत होते, आणि आत मी खरोखरच पहिल्यांदा गाडी हातात घेतल्यासारखी चालवत होते. प्रत्येक पांढरं डोकं बाबांचं वाटत होतं. चौकात घोळका दिसला. एक टेंपो आडवा थांबलेला, माणसं खाली वाकून काहीतरी बघत होती. मी गाडी रस्त्यातच सोडून पळाले. माणसांना ढकलून पुढे झाले तर कांद्याचं पोतं फुटून कांदे पसरले होते. मी तिथेच गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिले.

"काय झालं मॅडम?" कोणीतरी विचारलं.

"म्हातारे गृहस्थ बघितलेत का? अंगात घरचा स्वेटर. गवंडी आहेत," मी म्हणाले. आणि गवंडी हा शब्द तोंडातून बाहेर पडला तसं मला आठवलं. माणसं आली का? सकाळपासून तो माणूस सांगत होता आपल्याला कुठे जायचंय, आणि मी खेकसले होते. मी घराच्या अगदी उलट दिशेला येऊन बसले होते!

गाडी कशी वळवली ते विचारू नका. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने तशी वळवली असती तर मी त्याला खाली उतरवलं असतं. वाटेत नवऱ्याला फोन केला, "मागच्या इमारतीत या."

इमारतीचा राखणदार नळाशी दात घासत होता. अजून कामाला कोणी आलं नव्हतं.

"इथे कोणी म्हातारे आले का?"

"मिस्त्री ना? आले की मगाशीच." त्याने चूळ भरली. "म्हणाले, माणसं आली का बघतो, आणि गेले वर. मला वाटलं मालकांनी नवीन ठेवलेत. चालच अशी होती, मी कशाला अडवतोय?"

मी वर बघितलं. चौथ्या मजल्याच्या कडेला, आभाळाला लागून, बाबांचा स्वेटर दिसला.

जिन्याला कठडा नव्हता. भिंती नव्हत्या. प्रत्येक मजल्यावर मोकळी हवा अंगावर यायची. मी भिंतीच्या, म्हणजे जिथे भिंत होती तिथे भिंतीच्या, कडेने चढत होते आणि एकच वाक्य डोक्यात होतं : ओरडायचं नाही. घाबरलेल्या माणसावर वळणावर ओरडायचं नसतं, हे मी नव्या शिकवणाऱ्यांना सांगते. स्वतः कधी पाळत नाही.

बाबा स्लॅबच्या अगदी टोकाला उभे होते, माझ्याकडे पाठ करून. एका पायात चप्पल होती, दुसरा अनवाणी. कपाळावर हात आडवा धरून खाली रस्त्याकडे बघत होते. माझ्या चपलेचा आवाज ऐकून वळले. आता त्यांच्या टाचा कडेला होत्या आणि तोंड माझ्याकडे होतं. हे जास्त वाईट होतं.

"कोण गं तू?"

"मी... तुमची सून, बाबा."

"माझ्या मुलाचं लग्न व्हायचंय अजून." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "वर कोणी सोडलं तुला? डोक्यावर टोपी नाही, काही नाही. खाली जा."

मी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी मागे पाय उचलला. मी जागच्या जागी थिजले.

तेवढ्यात खालून नवऱ्याची हाक आली, "बाबा!" जीव तोडून मारलेली. बाबा दचकून हाकेकडे वळले, अनवाणी पाय खडीवरून सरकला आणि दोन-चार खडे कडेवरून खाली गेले. ते खाली आपटल्याचा आवाज यायला जो वेळ लागला, त्यात मी मरून परत आले. बाबा कसेबसे सावरले. आता तेही घाबरले होते. लहान मुलासारखे डोळे भरून आले होते. खाली राखणदाराने बहुतेक नवऱ्याचं तोंड दाबलं असावं, कारण पुन्हा हाक आली नाही.

माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता. माझा उजवा पाय खरोखर सिमेंटवर दाबला जात होता, इतका की पोटरीत गोळा आला.

"मिस्त्री," मी म्हणाले. बाबा हा शब्द चालणार नाही हे कळलं होतं. "मिस्त्री, माणसं आली."

त्यांचा चेहरा बदलला. "आली?"

"हो. साखळी घ्यायची ना? त्याशिवाय काम कसं सुरू होणार?"

"मग लांब काय उभी आहेस? हात धर की." आणि त्यांनी आपणहून हात पुढे केला.

मी पुढे गेले. कशी गेले, मला सांगता येणार नाही. त्यांचा हात धरला, तो थंडगार होता. बाबांनी डोळे मिटले. तिथेच, त्या टोकावर! त्यांना मागे ओढावं तर तोल जाऊन दोघंही गेलो असतो, मी काही पैलवान नाही. आणि ते बोलायला लागले, तोच जुना, ठाम आवाज.

"प्रभू, ही सकाळ तू दिलीस. हाताला काम दिलंस. आज जे वर चढतील ते संध्याकाळी आपल्या पायांनी खाली उतरू देत. ज्यांची घरी कोणी वाट बघतंय त्यांना घरी पोचव. आणि या नवीन माणसाला सांभाळ, प्रभू. याला अजून उंचीची सवय नाही."

मग त्यांनी माझा हात दाबला.

मी काय करावं? मी सवयीने हात परत दाबला. इतकी वर्षं हेच केलं होतं, नंबर आला की पुढे ढकलायचा. पण पुढे कोणी नव्हतं. गोलात आम्ही दोघंच. बाबांनी पुन्हा माझा हात दाबला, जरा जोरात. डोळे मिटलेले. वाऱ्याने ते किंचित पुढे-मागे हलत होते. साखळी पुरी झाल्याशिवाय ते जागचे हलणार नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं.

"प्रभू," मी म्हणाले. आवाज माझा वाटत नव्हता. "प्रभू, मला भीती वाटते."

"होय, प्रभू," बाबा म्हणाले. मंडळीत कोणी प्रार्थना करत असलं की मोठी माणसं अशी साथ देतात.

मी एक पाऊल मागे सरकले. हात ताणला गेला, आणि हात सोडायचा नाही म्हणून बाबांनी पुढे पाऊल टाकलं.

"मला फार भीती वाटते, प्रभू. मला प्रार्थना येत नाही."

"होय, प्रभू." पाऊल.

"सकाळी मी या माणसावर खेकसले."

"होय, प्रभू." पाऊल.

"मला तुझाही राग येतो. ज्याने आयुष्यभर तुझं नाव घेतलं, त्याला तू स्वतःचं घर विसरायला लावलंस. हे बरं केलं नाहीस तू."

"होय, प्रभू," बाबा अगदी मनापासून म्हणाले. मला हुंदका आला की हसू आलं, कळलंच नाही. पण पाऊल पडलं. आता कडा मागे राहिली होती.

तिथे आमेन म्हणता आलं असतं. पण आमेन म्हटलं की ते डोळे उघडणार, आणि डोळे उघडले की मी पुन्हा कोण कुठली बाई. जिना अजून उतरायचा होता. मी आमेन गिळलं आणि उलट्या पावलांनी जिन्यावर आले, एक हात भिंतीवर, एक त्यांच्या हातात.

"प्रभू, आता पायरी आहे."

"होय, प्रभू." त्यांचा पाय चाचपत खाली आला.

"प्रभू, आणखी एक आहे. ही जरा उंच आहे."

"होय, प्रभू."

असं आम्ही उतरलो. पायऱ्या सांगून तोंड कोरडं पडलं की मी बाकीचं बोलायचे. नवऱ्याने कडी लावली नाही याबद्दल तक्रार केली, मग त्याला माफ कर म्हटलं, कारण तो बाबांशिवाय कसा जगेल मला माहीत नव्हतं. ताई घरी एकट्या रडत असतील, त्यांना धीर दे म्हटलं. चौकातल्या त्या कांदेवाल्यासाठीसुद्धा मागितलं. जे गाडीत बसून मनात म्हणायचे ते सगळं मोठ्याने म्हणत होते. भीती कमी झाली नव्हती. प्रत्येक वळणावर उघडी बाजू दिसली की मी भिंतीला आणखी चिकटत होते. फक्त ती भीती आता मी एकटीच धरून बसले नव्हते.

खाली नवरा उभा होता. राखणदार बाजूला, हातात ब्रश तसाच. नवरा पुढे येणार होता, पण माझा आवाज ऐकून थांबला. त्याने मला कधी प्रार्थना करताना ऐकलं नव्हतं. बाबांचे दोन्ही पाय मातीवर आले तेव्हा मी म्हणाले, "येशूच्या नावाने मागते, आमेन." मी वाळूच्या ढिगावर बसले.

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं.

"सूनबाई," ते म्हणाले. ही हाक मी किती तरी महिन्यांत ऐकली नव्हती. "तुझे डोळे उघडे होते."

"चुकलं, बाबा," मी जुन्या सवयीने म्हणून गेले.

"चुकलं कसं? एकाने उघडे ठेवायचेच असतात. सगळ्यांनी मिटले तर माणसांवर लक्ष कोण ठेवणार?" मग त्यांनी स्वतःच्या अनवाणी पायाकडे बघितलं, इमारतीकडे बघितलं, आणि राखणदाराला विचारलं, "माणसं आली का?"

मी ढिगावर बसून रडले. आता कळत होतं, ते मला दर वेळी कसे पकडायचे. देव चुगल्या सांगत नव्हता. आम्ही सगळे डोळे मिटून निवांत बसायचो तेव्हा बाबा उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करत आमच्याकडे बघत असायचे, जसे कामावर त्या माणसांकडे बघायचे. मग ते विसरायला लागले, आणि त्यांचं हे काम आमच्यापैकी कोणीही उचललं नाही. तसं काही काम आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडी लावली. ती तीनदा ओढून बघितली, तरी माझं मन मानेना. साखळीत बसलो. सगळ्यांनी डोळे मिटले आणि मी उघडे ठेवले. नवऱ्याच्या पापण्या थरथरत होत्या. ताईंनी बाबांचा हात दोन्ही हातांनी धरला होता, त्यामुळे नवऱ्याच्या त्या बाजूच्या हाताला कोणीच नव्हतं आणि तो ताईंचा पदर धरून बसला होता. बाबांच्या ओठाला काहीतरी लागलं होतं. मालगाडी त्या दिवशी लवकर थांबली. ताई काही बोलल्याच नाहीत, त्यांनी नुसता बाबांचा हात दाबला. बाबांनी कामावरच्या माणसांसाठी मागितलं आणि माझा हात दाबला.

आज ना उद्या ही कडी पुन्हा कोणीतरी विसरेल. किंवा एक दिवस हात दाबला तरी बाबांना शब्द आठवणार नाहीत. मला दोन्ही दिसत होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "प्रभू, मला भीती वाटते."

"होय, प्रभू," तिघंही म्हणाले.